गावच्या ग्रुपवरची बातमी: खात्री करायची जबाबदारी कोणाची?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी तिथे आले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा या भटक्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जगण्याचा मार्ग. पण त्या दिवसांत अनेकांच्या मोबाईलवर 'मुलं पळवणारी टोळी फिरते आहे' असे मेसेज येत होते. बाजारात संशय आला, गर्दी जमली, या लोकांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारहाण झाली. पाचही जणांचा मृत्यू झाला. त्यांचा कोणत्याही टोळीशी संबंध नव्हता.

तोच मेसेज बातमी म्हणून एखाद्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात गेला असता तर डेस्कवरच्या उपसंपादकाने आधी दोन साधे प्रश्न विचारले असते. मूल कोणत्या गावातलं हरवलं? तक्रार कोणत्या पोलीस ठाण्यात आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील तर मजकूर पुढे सरकत नाही. ग्रुपवर हे प्रश्न विचारणारं टेबलच नसतं. पत्रकारितेची आचारसंहिता आता सोशल मीडिया वापरणाऱ्या प्रत्येकाशी का संबंधित आहे, याचं कारण इथे आहे.

पेपरच्या शेवटच्या पानावरची ती ओळ

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं. तो दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. पुढे १८६७ च्या कायद्याने प्रत्येक वर्तमानपत्रावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापणं बंधनकारक झालं. 'हे पत्र मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले' ही बारीक अक्षरातली ओळ फारसं कोणी वाचत नाही. पण बातमी चुकली तर नोटीस कोणाला पाठवायची, हे त्या ओळीवरून ठरतं.

गावातला वार्ताहर बातमी पाठवतो, तालुका किंवा जिल्हा कार्यालयात ती तपासली जाते, उपसंपादक ती दुरुस्त करतो आणि संपादक तिची जबाबदारी घेतो. ही साखळी कधीच निर्दोष नव्हती. तरी बातमी आणि वाचक यांच्यामध्ये दोन-तीन माणसं उभी असायची.

आज तालुक्याची बातमी बहुतेकांना आधी मोबाईलवर कळते: यूट्यूब चॅनल, फेसबुक पेज, न्यूज पोर्टल किंवा व्हॉट्सॲप ग्रुप. त्याचे फायदे खरे आहेत. धरणातून विसर्ग वाढला, घाटात दरड कोसळली, पुलावरून पाणी गेलं, हे सकाळच्या पेपरची वाट न पाहता कळतं. मोठ्या पेपरात ज्या वाडीला दोन ओळीही मिळत नाहीत, तिथला पाण्याचा प्रश्न एका व्हिडिओने तहसीलदारांपर्यंत पोहोचतो. अडचण एवढीच, की वार्ताहर, उपसंपादक, प्रकाशक आणि वितरक ही चारही कामं अनेकदा एकच माणूस एका फोनवर करतो. आणि फॉरवर्ड करणारा प्रत्येक जण त्या बातमीचा नवा प्रकाशक होतो.

नियम पहिला: दिसलं, ऐकलं म्हणजे खरं नव्हे

राईनपाडा घडलं त्याच सुमारास भारतभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचं मूल उचलून नेतात, असं त्यात दिसायचं. प्रत्यक्षात तो पाकिस्तानातल्या कराचीमधला, मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करणारा व्हिडिओ होता. मूळ व्हिडिओत मूल परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. तो शेवट कापला की जनजागृतीची अफवा होते.

ऐकलेलंही फसवतं. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाची हत्या केली. त्यानंतर घटनेचा व्हिडिओ पसरला आणि त्यात एका विशिष्ट धर्माच्या माणसाचं नाव ऐकू येतं, असा दावा झाला. तत्कालीन गृहमंत्र्यांनी स्पष्ट केलं, की तो आवाज 'ओय बस' असा आहे आणि अटक झालेल्या १०१ जणांत त्या धर्माचं कोणीही नाही. पण दावा त्याआधीच सगळीकडे पोहोचला होता.

मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर अल्पवयीन आरोपीचा म्हणून एक रॅप व्हिडिओ व्हायरल झाला. अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला होता, लोकांचा संताप समजण्यासारखा होता. पण व्हिडिओतला मुलगा वेगळाच होता. खरी घटना आणि खोटा पुरावा असे एकत्र फिरू शकतात, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

म्हणून डेस्कवरचे प्रश्न कोणीही विचारू शकतं: कुठे, कधी, कोणी पाहिलं, अधिकृत दुजोरा कोणाचा? व्हिडिओचा एखादा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये टाकला तर तो याआधी कुठे वापरला गेला, हे बऱ्याचदा एका मिनिटात कळतं. 'आजची घटना', 'सर्वांना पाठवा' एवढंच लिहिलेलं असेल, तारीख आणि ठिकाण नसेल, तर ती बातमी नव्हे.

नियम दुसरा: काही नावं छापायचीच नसतात

लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पीडित अल्पवयीन असेल तर पोक्सो कायद्याचं कलम २३ लागू होतं. गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाचंही नाव, फोटो, शाळा किंवा पत्ता बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार देता येत नाही.

ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. छोट्या गावात 'अमुक आळीतली, नववीत शिकणारी, वडील रिक्षा चालवतात' एवढं लिहिलं की सगळ्यांना कळतं. शहरात जी माहिती निरुपद्रवी असते, ती गावात थेट घराच्या दारापर्यंत नेते. स्थानिक बातमीदाराला त्यामुळे जास्त जपावं लागतं. २०१८ मध्ये कठुआ प्रकरणातल्या मुलीचं नाव आणि फोटो देशभर प्रसिद्ध झाल्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. त्याच वर्षी निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मृत पीडितेचीही ओळख जपली पाहिजे, असं सांगितलं. न्याय मिळावा म्हणून तिच्या नावाचा हॅशटॅग चालवणाऱ्यांनी हे विसरू नये.

आत्महत्येच्या बातमीबाबत प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. पद्धतीचं वर्णन, चिठ्ठीतला मजकूर, घटनास्थळाचे फोटो टाळावेत, असं त्या सांगतात. अशा मजकुराने आधीच खचलेल्या माणसाला धोका वाढतो.

नियम तिसरा: संशयित म्हणजे दोषी नव्हे

'आरोपीने दिली कबुली' ही स्थानिक बातम्यांमधली नेहमीची ओळ. कायद्यात मात्र पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनासंबंधी निकाल देताना हाच मुद्दा मांडला. पोलिसांसमोरची कबुली ग्राह्य पुरावा असल्यासारखी दाखवू नये आणि तपास सुरू असताना माध्यमांनी खटला चालवू नये, असं न्यायालयाने बजावलं.

अटक झाल्याची बातमी शंभर ग्रुपवर जाते, निर्दोष सुटल्याची एकाही ग्रुपवर जात नाही. लहान गावात त्या माणसाचं दुकान, मुलांची शाळा, लग्नं जमणं, सगळं त्या पहिल्या बातमीवर अडतं.

नियम चौथा: जाहिरात आणि बातमी वेगळी ठेवा

अनेक ग्रामीण बातमीदारांना नियमित पगार नसतो. जाहिरातींवरचं कमिशन हेच उत्पन्न. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात घ्यायची, त्याच्याच कामाबद्दल प्रश्न विचारायचा, ही कसरत त्यांना रोज करावी लागते. २००९ च्या निवडणुकांनंतर 'पेड न्यूज'ची चर्चा देशभर झाली आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला.

आता तोच प्रकार रील आणि पोस्टमध्ये आला आहे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम केले: पैसे, वस्तू किंवा सवलत घेतली असेल तर पोस्टवर स्पष्ट लिहायचं. तालुक्यातल्या नव्या हॉटेलचं किंवा क्लासचं 'कौतुक' करणाऱ्या पेजलाही हे लागू पडतं. याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. 'जाहिरात द्या, नाहीतर बातमी लावतो' असं म्हणणं ही पत्रकारिता नव्हे. ती खंडणी आहे आणि तिची तक्रार पोलिसांत करता येते.

कायदा कोणाला जबाबदार धरतो?

फॉरवर्ड करणाऱ्याला. २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या एका अभिनेता-राजकारण्याने महिला पत्रकारांची बदनामी करणारी पोस्ट फेसबुकवर पुढे पाठवली. मजकूर आपला नव्हता, डोळ्यांत औषध घातल्यामुळे वाचता आला नाही, असा बचाव झाला. पोस्ट काढली, माफीही मागितली. मद्रास उच्च न्यायालयाने मात्र फॉरवर्ड करणं म्हणजे तो मजकूर मान्य करणं, असं मानलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दिलासा दिला नाही.

ॲडमिनला सरसकट नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा मिळून तसा हेतू किंवा कट असावा लागतो. नैतिक जबाबदारी मात्र उरतेच. अफवा काढून टाकण्याचं बटण ॲडमिनच्या हातात असतं.

वर्तमानपत्राविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे दाद मागता येते. आधी संपादकाला लेखी कळवायचं आणि दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत तक्रार करायची. कौन्सिल ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. पोर्टल तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमावलीत आचारसंहिता आणली. पण ती सक्तीची करणाऱ्या तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम स्थगिती दिली, कारण त्यातून अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर गदा येण्याची भीती होती.

ही भीती निराधार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर मत मांडलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यातल्या एकीने फक्त 'लाईक' केलं होतं. ज्या कलम ६६ अ चा आधार तेव्हा घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. मतासाठी अटक आणि अफवेमुळे हत्या, महाराष्ट्राने दोन्ही पाहिलं आहे. म्हणूनच सगळं पोलिसांवर सोडण्यापेक्षा, लिहिणाऱ्याने आणि पाठवणाऱ्याने स्वतःवर घातलेली शिस्त जास्त उपयोगी पडते.

चूक झाली तर?

चांगल्या वर्तमानपत्रात चूक झाली की खुलासा छापतात. ग्रुपवर बहुतेक जण मेसेज गुपचूप डिलीट करतात. पण तोपर्यंत तो दहा ठिकाणी गेलेला असतो. योग्य पद्धत सोपी आहे:

- ज्या ग्रुपवर चुकीची बातमी टाकली, त्याच ग्रुपवर 'ही माहिती चुकीची होती' असं स्पष्ट लिहा.
- खरी माहिती आणि ती कुठून मिळाली, हेही द्या.
- ज्यांना वैयक्तिक पाठवली होती, त्यांना वेगळं कळवा.
- पोर्टल असेल तर जुन्या बातमीतच दुरुस्तीची तारीख टाका. बातमी नुसती गायब करू नका.
- गावात गर्दी जमण्याची भीती वाटली, तर ग्रुपवर वाद घालत बसू नका. ११२ वर फोन करा.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच चॅटना पाठवता येईल, अशी मर्यादा आणली आणि 'फॉरवर्डेड' अशी खूणही दाखवायला सुरुवात केली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फॉरवर्ड झालेला, दोन बाण असलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. दोन बाण दिसले, तर तो मेसेज पाठवणाऱ्याने स्वतः पाहिलेलं काही सांगत नाही, हे नक्की. मूल कोणाचं, गाव कोणतं, तक्रार कुठे, हे विचारायला तिथे थांबलं तरी चालतं.