दवंडीवाल्यांच्या घरातला मुका

मुळशी खोऱ्यात दवंडी देणे हे महाराचे काम. माझे आजोबा ते करीत. आवाज त्यांचा, हुकूम दुसऱ्याचा. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले आणि गावकीला बांधलेला हा आवाज मोकळा झाला.

त्याच घरात माझे थोरले चुलते बोलू शकत नव्हते. कान शाबूत होते. गाव त्यांना ‘मुक्या’ म्हणे, आम्हीही तेच म्हणत असू. त्यांचे खरे नाव मी रेशनकार्डावर वाचले, तेव्हा मी बी.ए.ला होतो. त्यांच्या हातांच्या खुणा फक्त आजीला कळत. आजी वारली आणि त्यांचे बोलणे समजणारे शेवटचे माणूस गेले.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले. त्यातला मूक समाज जिभेने मुका नव्हता, त्याचे ऐकणारे कोणी नव्हते. पुढच्याच वर्षी टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशीत सत्याग्रह उभारला. तिथेही मोबदल्याची बोलणी जमीन ज्याच्या नावावर त्याच्याशी. ज्याच्याजवळ कागद नाही, त्याला कोण विचारणार? मुकेपण असे लादले जाते.

हे आपण जातीबद्दल जाणले, घरातल्या मुक्याबद्दल मात्र नाही. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी काढली. त्यांच्या कन्या मालिनी छिब यांनी एका बोटाने टंकून लिहिलेले आत्मकथन २०११ साली आले. शहरातल्या शिकलेल्या घरात साधन पोहोचले, महारवाड्यात आणि कातकरवाडीत कधी पोहोचणार? २०११ च्या जनगणनेत वाचादोष असलेले सुमारे २० लाख लोक नोंदले गेले. एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, अनुसूचित जातींत २.४५ टक्के. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने खुणांची भाषा व इतर साधने यांना संवाद म्हणून मान्यता दिली. आयआयटी मुंबईने चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचे ‘जेलो’ हे साधन मराठीतही केले.

पण साधनासाठी मोबाइल लागतो, शिकवणारा लागतो. आणि चित्रांत आपले जग लागते: भाकरी, भाताचे खाचर, जयभीम. हे काम आपल्या शिक्षकांचे आणि कार्यकर्त्यांचे आहे. पुठ्ठ्यावर चित्रे काढून ते उद्याही विहारात सुरू करता येईल. पहिले चित्र त्या माणसाच्या स्वतःच्या नावाचे असावे.