ड्रायव्हरच्या झोपेचा इतिहास



मोटार अपघाताची बातमी आपण सर्वजण वाचतो. तिच्यात एक वाक्य ठरलेले असते : 'ड्रायव्हरचा गाडीवरील ताबा सुटल्यामुळे हा अपघात घडला.' गाव बदलते, घाट बदलतो, मृतांचा आकडा बदलतो. वाक्य मात्र कायम राहते. गेली तीस वर्षे मी मोटारकामगारांच्या संघटनेत काम करतो आहे. शाळा माझी लवकर सुटली. पुढचे शिक्षण कायद्याची पुस्तके आणि ड्रायव्हरांच्या तक्रारी यांतूनच झाले. ते वाक्य वाचले की मला दर वेळी एक प्रश्न पडतो. ताबा सुटला तो घाटातल्या वळणावर, की आदल्या दिवशी दुपारीच? त्या माणसाने स्टिअरिंग किती तासांपूर्वी हाती धरले होते, हे कोणी छापीत नाही. आज मी आपल्यापुढे त्या न छापलेल्या तासांचा इतिहास मांडणार आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करू. १९१८ साली पहिले महायुद्ध संपले आणि लष्कराच्या मालमोटारी मोठ्या संख्येने विक्रीस निघाल्या. सैन्यातून परतलेल्या अनेकांनी त्या घेऊन मालवाहतुकीचा धंदा मांडला. स्पर्धा वाढली, भाडे उतरले. उतरलेले भाडे भरून काढायचे तर ड्रायव्हरने अधिक तास बसायचे, हाच सोपा मार्ग उरला. अखेर १९३० साली पार्लमेंटने रस्ता वाहतुकीचा कायदा केला. त्यातले १९ वे कलम आम्हा कामगारांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. एका दमात साडेपाच तासांहून अधिक गाडी हाकायची नाही, चोवीस तासांत एकूण अकरा तासांहून अधिक नाही, आणि चोवीस तासांत सलग दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असे ते कलम सांगत होते. शिवाय गाडी हाकणारा जेवढा जबाबदार, तेवढाच हाकायला लावणाराही जबाबदार धरला होता. गंमत अशी की, याच कायद्याने हलक्या मोटारींची वेगमर्यादा काढून टाकली होती. ती फार काळ टिकली नाही. १९३४ च्या कायद्याने वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा घालावी लागली. तासांची मर्यादा मात्र पुढेही चालू राहिली.

त्या काळी तिकडच्या वाहतूक कामगारांचा पुढारी होता अर्नेस्ट बेव्हिन. अकराव्या वर्षी शाळा सोडलेला हा माणूस ब्रिस्टल शहरात घोडागाडी हाकीत असे. १९२२ साली त्याच्या नेतृत्वाखाली वाहतूक कामगारांची मोठी युनियन उभी राहिली. कामाच्या तासांचा प्रश्न हा अशा माणसांना पुस्तकात वाचावा लागला नाही.

१९३९ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने रस्ता वाहतुकीसाठी ६७ क्रमांकाचा ठराव केला. आठवड्याला ४८ तास काम, सलग पाच तासांहून अधिक गाडी हाकणे नाही, आणि प्रत्येक ड्रायव्हरजवळ स्वतःची नोंदवही, ही त्यातली मुख्य कलमे. नोंदवहीची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण वेग मोजता येतो, पोटातली दारू मोजता येते, झोप मोजायला मात्र पोलिसाजवळ साधन नसते. तासांची नोंद हेच झोपेचे माप.

पण वही लिहिणारा हात मालकाच्या धाकात असतो. म्हणून युरोपने पुढे यंत्र आणले. गाडी केव्हा चालली, केव्हा थांबली, हे टॅकोग्राफ नावाचे यंत्र कागदाच्या चकतीवर आपोआप रेखाटते. युरोपीय समुदायाने १९७० साली त्याचा नियम केला. ब्रिटनमध्ये त्याला कडाडून विरोध झाला, आणि तो करणाऱ्यांत बेव्हिनने उभारलेली युनियनच पुढे होती. कामगार त्या यंत्राला 'केबिनमधला हेर' म्हणत. १९७९ साली युरोपीय न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध निकाल दिला, तेव्हा कोठे ते बसले. यंत्राचा उपयोग आपल्याच विरुद्ध होईल ही कामगारांची भीती पोकळ नव्हती. परंतु जी चकती ड्रायव्हरची चहाची सुट्टी पकडते, तीच मालकाने लादलेला चौदावा तासही पकडते. नोंद नसल्याचा फायदा नेहमी बलवानालाच होतो, हे आम्हा चळवळीतल्या लोकांनी विसरता कामा नये.

आता आपल्या देशाकडे वळू. १९३९ च्याच मोटार वाहन कायद्यात ६५ वे कलम होते. पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्याला ५४ तास, आणि ही बंधने पाळण्याची जबाबदारी नोकरीवर ठेवणाऱ्याची. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही सरकारी एस. टी. सुरू झाली. सरकारी वाहतुकीत ड्युटीचा तक्ता आला, हजेरीपट आला, युनियन आली. तक्ता चुकीचा असेल तर त्यावरून भांडता येते; तक्ताच नसेल तर माणूस भांडणार कशावरून?

१९६१ साली संसदेने मोटार वाहतूक कामगारांचा स्वतंत्र कायदा केला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, आणि दोन कामांच्या दिवसांत सलग नऊ तासांची विश्रांती. लांब पल्ल्यासाठी परवानगीने दहा तासांची सवलत होती. कायदा चांगला होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. एकदोन मालमोटारींच्या मालकाकडचा ड्रायव्हर त्याच्या बाहेर राहिला. २०२० साली संमत झालेल्या नव्या कामगार संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला. आणि ज्याला पगार तासावर नव्हे, खेपेवर मिळतो, तो आपली झोप आपल्याच हाताने विकतो. त्याला नियम सांगून काय होणार? दोन खेपांऐवजी एक केली तर घरी चूल कशी पेटेल, हे आधी सांगावे लागते.

झोपेची किंमत आता शास्त्रानेही मांडली आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की, सतरा तास सलग जागा राहिलेला माणूस १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्याकडे ३० मिलिग्रॅमच्या वर गेले की तुरुंगाची शिक्षा आहे. म्हणजे थेंबही न प्यालेला ड्रायव्हर पहाटे चार वाजता कायद्याने ठरवलेल्या दारूड्याहून अधिक धोक्याचा असू शकतो. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. सरकारी अहवालात नियमभंगाचे रकाने आहेत : अतिवेग, दारू, उलट दिशा, लाल दिवा, मोबाइल. झोपेला त्यांत रकाना नाही; ती 'इतर' कारणांत बुडून जाते. आणि २०१८ साली तर राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारीवर दोन ड्रायव्हर असण्याची सक्तीही काढून टाकली गेली.

यातून काय करावे? प्रत्येक अवजड गाडीत तासांची नोंद करणारे यंत्र हवे आणि ती नोंद ड्रायव्हरच्याही हाती मिळायला हवी. मजुरी खेपेवर नको. हमरस्त्यावर गाडी सुरक्षित लावून पाठ टेकता येईल अशा जागा हव्यात. अपघाताच्या पंचनाम्यात ड्रायव्हर किती तास जागा होता, हा प्रश्न सक्तीचा हवा.

हे सरकारने आणि मालकांनी करायचे. आपणही थोडे करू शकतो. रात्रीच्या खाजगी गाडीचे तिकीट काढताना आपण विचारतो, 'सकाळी किती वाजता पोचवाल?' यापुढे एवढेही विचारा, 'दुसरा ड्रायव्हर आहे ना? आजचा काल रात्री कोठे झोपला होता?' शंभर उतारूंनी हा प्रश्न विचारला, तर मालकाला त्याचे उत्तर तयार ठेवावे लागेल.