करडे, १८७४ : ‘बॉयकॉट’ हा शब्द जन्मण्याआधीचा एक बहिष्कार

डिसेंबर १८७४. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातले करडे हे गाव. गावातील मारवाडी सावकार कालूराम याने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा न्यायालयातून मिळवला आणि त्यांचे राहते घर पाडावयास घेतले. कायद्याच्या दृष्टीने यात काही गैर नव्हते. कागद पक्के होते, सही खरी होती आणि न्यायालयाने शिक्काही दिला होता.

गावाने कालूरामवर हात उचलला नाही. गावाने त्याच्याशी असलेले व्यवहार बंद केले. त्याच्या शेतात कोणी राबेना, त्याच्या घरी कोणी पाणी भरेना, न्हावी त्याची हजामत करीना, घरकामाला माणूस मिळेना. आणि हा नियम एकट्या कालूरामपुरता न राहता गावातील त्याच्या व्यवसायबंधूंनाही लागू झाला. पाहता पाहता आसपासच्या गावांनी हा मार्ग उचलला.

याला आज आपण ‘बॉयकॉट’ म्हणतो. परंतु तेव्हा हा शब्द इंग्रजीतदेखील अस्तित्वात नव्हता. आयर्लंडमधील मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याला तेथील कुळांनी असेच एकटे पाडले ते १८८० साली, म्हणजे करड्यानंतर सुमारे सहा वर्षांनी. त्याचे पीक काढण्यासाठी पन्नास मजूर बाहेरून आणावे लागले, त्यांच्या रक्षणासाठी सैन्य ठेवावे लागले, आणि काही शे पौंडांच्या पिकापायी हजारो पौंड खर्ची पडले. त्याचे आडनाव जगभर गेले. करड्याचे नाव मात्र अभ्यासकांच्या टिपांपुरतेच उरले.

मराठी माणसाला ही कृती नवी नव्हती, म्हणूनही असे झाले असावे. ‘वाळीत टाकणे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार जुना आहे. नवे होते ते एवढेच, की जातीने आणि गावकीने आजवर आपल्याच माणसांवर चालवलेले हत्यार या वेळी कर्जदारांनी सावकारावर उगारले.

ते उगारण्याची वेळ का आली?

पेशवाईतही सावकार होता आणि कर्जही होते. कुणबी सहसा कर्जमुक्त नसे. पण सावकाराला वसुलीसाठी गावाच्या संमतीची गरज भासे. पाटील, पंच, गावकरी यांना डावलून कोणाची जमीन घेणे जवळजवळ अशक्य होते. इंग्रजी अमलाने हे संतुलन मोडले. रयतवारी पद्धतीत जमीन व्यक्तीच्या नावावर लागली, म्हणजेच ती गहाण पडू शकली आणि लिलावात विकली जाऊ शकली. आणि वाद गावाच्या पारावरून उठून तालुक्याच्या न्यायालयात गेला. तेथे प्रश्न एकच विचारला जाई : रोख्यावर अंगठा तुझा आहे की नाही?

त्यात अमेरिकेतील यादवी युद्धाची भर पडली. १८६१ मध्ये ते सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. सारी मागणी हिंदुस्थानकडे वळली. मुंबईच्या निर्यातदारांचा पैसा लहान शहरांतील सावकारांमार्फत खेड्यांत उतरला आणि रयतेला पूर्वी कधी मिळाले नव्हते इतके सहज कर्ज मिळू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले. भाव कोसळले, सावकारांनी हात आखडता घेतला, जुनी बाकी मात्र राहिली. नेमक्या याच सुमारास सरकारची तीस वर्षांची जमाबंदी संपत आली होती. तेजीच्या काळातील भाव डोळ्यांसमोर ठेवून नवे दर ठरले, आणि इंदापूर तालुक्यात १८६७ साली सारा निम्म्याहून अधिक वाढला. उत्पन्न उतरत असताना सारा चढला. तो भरण्यासाठी रयतेने जावे तरी कोठे? पुन्हा सावकाराच्याच दारी.

१८५९ च्या मुदत कायद्याची कथा तर विलक्षण आहे. कर्जाचा रोखा तीनच वर्षे वैध राहावा, म्हणजे व्याज साचत जाणार नाही, असा त्यामागचा सद्हेतू. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि त्यात मागील मुद्दल व व्याज मिळून नवे मुद्दल होऊ लागले. मुद्दलापेक्षा व्याज अधिक घेऊ नये, हा दामदुप्पटीचा जुना दंडक अशा रीतीने कागदावर पाळला गेला आणि व्यवहारात बुडाला. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे उदाहरण पुढे सरकारी चौकशीतच नोंदले गेले.

तेव्हा करड्याचा राग उगाच नव्हता. पण राग आला म्हणून गाव एक होतेच असे नाही, आणि या प्रकरणातील सर्वांत उद्बोधक गोष्ट येथेच आहे.

एका कुणब्याच्या जागी उभे राहून विचार करावा. सावकारावर सर्वांनी बहिष्कार टाकला तर सर्वांचा लाभ. परंतु इतरांनी टाकला आणि एकट्याने गुपचूप त्याची जमीन कसायला घेतली, तर त्या एकट्याचा लाभ अधिक. ही जाणीव प्रत्येकाला असते आणि दुसऱ्यालाही ती आहे हे प्रत्येक जण ओळखून असतो. बहुतेक एकजुटी येथेच फुटतात. गावांना हे पुरते ठाऊक होते.

इंदापूर तालुक्यातील कळस या गावचा एक करारनामा दख्खन दंग्यांच्या चौकशीच्या कागदपत्रांत जतन झाला आहे. तो गुजर सावकारांविरुद्धचा आहे, पण त्यातील शिक्षा गुजरांसाठी नाहीत. त्या गावातल्याच माणसांसाठी आहेत! जो कोणी गुजरांचे शेत करील त्याला न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार असा कोणताही बलुतेदार सेवा देणार नाही. जो त्यांची बाजू घेईल त्याला जातीच्या पंगतीत पान नाही, जातीत सोयरीक नाही. त्याला परत घ्यायचे तर सर्वांची संमती लागेल, दंड भरावा लागेल आणि गावजेवण घालावे लागेल.

हा करार मन लावून वाचला की गावाच्या एकीविषयीच्या भाबड्या कल्पना गळून पडतात. एकी आपुलकीतून आली असेलही, पण ती टिकवण्याची जबाबदारी आपुलकीवर सोडलेली नव्हती. पाणी, पंगत, सोयरीक आणि बलुते यांवाचून खेड्यात जगता येत नसे, आणि त्यांच्या किल्ल्या गावाच्या हाती होत्या. न्हाव्याला किंवा चांभाराला या करारात स्वतंत्र मत होते का, हा प्रश्नही विचारण्यासारखा आहे. त्याचे वर्षाचे धान्य ज्यांच्या खळ्यावरून येई, त्यांचा शब्द त्याने मोडायचा कसा?

पुढील घटना अनेकांना शालेय पुस्तकांतून परिचित आहेत. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी आसपासची रयत जमली आणि सावकारांकडे वह्या व रोखे मागू लागली. पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या अहवालानुसार एका सावकाराचे घर जाळले गेले, डझनभर घरे फोडली गेली, आणि हिशेबाचे कागद, धान्य व कापड यांच्या राखेचे ढीग तीन दिवसांनंतरही रस्त्यात दिसत होते. नुकसान पंचवीस हजार रुपयांहून अधिक असल्याचा अंदाज होता. तेथून लोण अहमदनगर जिल्ह्यात पोहोचले आणि तीसहून अधिक गावे त्यात ओढली गेली. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे निमूटपणे हवाली करणारा सावकार बहुधा सुटत असे.

मात्र सर्वच सावकार लक्ष्य झाले नाहीत. जमावाचा रोख मुख्यतः मारवाडी व गुजर सावकारांवर होता. सावकारी करणारे ब्राह्मण व इतर स्थानिक लोक बहुतेक ठिकाणी वाचले. व्याजाचे दर पाहून ही निवड झालेली दिसत नाही. जो गावाच्या पंगतीत, सोयरिकीत, देवळाच्या उत्सवात आधीपासूनच अर्धा बाहेरचा होता, त्याला पूर्ण बाहेर काढणे सोपे गेले. या दंग्यांकडे केवळ गरीब विरुद्ध श्रीमंत म्हणून पाहणाऱ्यांनी हा तपशील सोडून देऊ नये.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्यामागे प्रत्यक्ष व्यवहार काय झाला हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले. रयतेच्या संघटित वर्तनाने सरकारला कायदा बदलायला लावला, हे त्याचे फलित निःसंशय मोठे होते. दरम्यान १८७६–७८ चा भीषण दुष्काळ येऊन गेला, आणि कायद्याची वाट पाहणारे अनेक जण तोवर उरलेही नव्हते.

येथे थांबले तर ही एक विजयगाथा ठरेल. पण हेच हत्यार त्याच प्रदेशात इतरत्र कसे चालले, तेही पाहायला हवे.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींसमोर चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी नावे वृत्तपत्रातून जाहीर केली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि शेवटी दोघांनीही आपापल्या परीने प्रायश्चित्त घेतले. एका पेल्याभर चहासाठी! तरीही त्यांच्याकडे शिक्षण होते, मानमान्यता होती, पाठीराखे होते. ते तरून गेले.

महाडचे तसे नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासह जमलेल्या सत्याग्रहींनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर परतणाऱ्या अस्पृश्यांना मारहाण झाली, हे सर्वज्ञात आहे. पण मार एका दिवसाचा असतो. गावोगावच्या अस्पृश्यांना अधिक भय होते ते न दिसणाऱ्या शिक्षेचे : मजुरी बंद, वाण्याचे दुकान बंद, कसायला जमीन नाही, रस्त्याने जायला वाट नाही. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे आंबेडकर सदस्य होते. त्या समितीने १९३० च्या अहवालात नोंदवले, की अस्पृश्यांनी हक्क बजावू नयेत म्हणून सामाजिक बहिष्काराइतके परिणामकारक हत्यार दुसरे नाही. उघड हिंसाही त्यापुढे फिकी पडते. याचे कारण समितीला स्पष्ट दिसत होते. कोणाशी व्यवहार करायचा हे ठरवण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असल्याने बहिष्कार कायद्याच्या चौकटीत बसतो, आणि पकडायला गुन्हेगारच सापडत नाही.

करडे आणि महाड परिसरातील ही गावे यांच्यात पद्धतीचा फरक नाही. पाणी तेच, मजुरी तीच, दुकान तेच. फरक आहे तो ज्याच्यावर वार झाला त्याच्या पाठीशी काय होते याचा. कालूरामच्या मागे भांडवल होते, तालुक्याचे न्यायालय होते, इतर गावांतील जातभाई होते. करडे सोडावे लागले तरी त्याचे जग संपत नव्हते. गावकुसाबाहेरच्या महाराला किंवा मांगाला सोडून जायला दुसरे गावच नव्हते. जेथे जावे तेथे तेच कुसू आणि तीच पाणवठ्याची बंदी. त्यामुळे बहिष्काराचा आघात अपराधाच्या प्रमाणात होत नाही. तो परावलंबनाच्या प्रमाणात होतो. सर्वांत मुजोर माणसाला तो ओरखडा काढतो आणि सर्वांत दुबळ्याला उपाशी मारतो.

म्हणूनच १९३० मध्ये गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या निवेदनात आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली, आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना घेतला. तो काळ ध्यानात घ्यावा : देशभर विलायती मालावरील बहिष्कार हे देशभक्तीचे शस्त्र म्हणून गाजत होते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातीबाहेर किंवा पंथाबाहेर टाकण्यास बंदी करणारा कायदा केला. १९६२ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदना साहेबांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. जातपंचायतींचे दंड, वाळीत टाकलेली कुटुंबे आणि मोडलेल्या सोयरिकी त्यानंतरही अनेक दशके चालू राहिल्या. दलितांवरील सामाजिक व आर्थिक बहिष्काराचा स्पष्ट उल्लेख अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आला तो २०१५ च्या दुरुस्तीने. आणि समाजाने आपल्याच सदस्याला वाळीत टाकण्याविरुद्धचा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये संमत केला. २०१७ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे.

कळसच्या त्या करारनाम्यातील पंगत, सोयरीक आणि परत घेण्यासाठीचा दंड ही कलमे आज कोणा पंचायतीने लिहून काढली, तर तो कागद याच कायद्याखाली पुरावा ठरेल.