पुण्याचे नियम, झुरिकचा चषक

१९६२ साली झुरिकमध्ये युरोपातल्या राष्ट्रीय बॅडमिंटन संघांची एक स्पर्धा भरली. बलाढ्य डेन्मार्क आणि इंग्लंड तिच्यात नव्हते, आणि ते नव्हते म्हणूनच ती भरली होती. ज्या देशांत बॅडमिंटन खेळणारे थोडे, प्रशिक्षक त्याहून थोडे आणि हॉल तर शोधावेच लागत, अशा देशांनी आपसात खेळावं एवढाच तिचा हेतू. चषकाला यजमान स्वित्झर्लंडच्या जुन्या लॅटिन नावावरून ‘हेल्व्हेशिया’ म्हटलं गेलं. पहिला चषक पश्चिम जर्मनीने नेला. सुरुवातीला दरवर्षी आणि नंतर दर दोन वर्षांनी होणारी ही स्पर्धा २००७पर्यंत टिकली. आपल्याकडच्या क्रीडापानांवर तिचं नाव कधी आलेलं मला आठवत नाही. तरी तिचं कूळ शोधत मागे गेलं की वाट थेट पुण्याला येते.

१८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला ‘पूना’च म्हणत. खेळाचे पहिले लिखित नियम १८७३ साली इथेच बेतले गेले. सुट्टीवर मायदेशी गेलेल्या अधिकाऱ्यांनी तो इंग्लंडात नेला. तिथे १८९३ साली संघटना उभी राहिली, १८९९मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. १९०१पर्यंत कोर्ट वाळूच्या घड्याळासारखं मधे, जाळीपाशी, अरुंद असायचं. मग ते आजच्यासारखं सरळ आयताकृती झालं. देशाविरुद्ध देश असा पहिला सामना १९०३ साली डब्लिनमध्ये इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यात झाला. १९३४ साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक सदस्य नऊ, त्यांतले इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड हे चार शेजारीशेजारीच. ज्या भूमीवर नियम बेतले गेले तो भारत दोन वर्षांनी, १९३६मध्ये, सदस्य झाला.

महासंघाचे पहिले अध्यक्ष सर जॉर्ज थॉमस यांनी १९३९ साली पुरुषांच्या सांघिक स्पर्धेची कल्पना मांडली. मधे महायुद्ध आलं आणि पहिला थॉमस चषक व्हायला १९४८-४९ उजाडलं. प्रेस्टनच्या अंतिम सामन्यात मलायाने डेन्मार्कला ८-१ असं हरवलं. मलाया तेव्हा स्वतंत्र देशही नव्हता. १९५२ साली याच चषकात भारताने अमेरिकेशी झुंज दिली आणि ५-४ अशी निसटती हार पत्करली. सांगलीचे नंदू नाटेकर याच काळात पुढे आले. १९५१ ते १९६३ या वर्षांत थॉमस चषकात ते एकेरीचे १६ सामने खेळले आणि त्यांतले १२ जिंकले. १९५६मध्ये क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. या काळातली एक गोष्ट मला फार लागते. चाळीसच्या दशकात प्रा. दि. ब. देवधरांच्या लेकी, तारा, सुंदर आणि सुमन, राष्ट्रीय विजेतेपदं घरात आणत होत्या, पण त्यांच्या ऐन बहरात महिलांसाठी जागतिक सांघिक स्पर्धाच नव्हती. महिलांचा उबेर चषक १९५६-५७मध्ये आला. एका घरातल्या तीन बहिणी देशाच्या संघात एकत्र उतरल्या असत्या, तर आज पुण्यात त्यांची नावं शाळकरी पोरांनाही ठाऊक असती.

थॉमस चषकाच्या लढतीत त्या काळी नऊ सामने असत, पाच एकेरी आणि चार दुहेरी. एवढ्या सामन्यांना पुरतील असे भरवशाचे खेळाडू मोजक्याच देशांकडे होते. बाकीच्यांनी लांबचा प्रवास करायचा, ९-० असं हरायचं आणि तीन वर्षांच्या सरावातून आपण काय शिकलो हे न कळताच परत यायचं. खेळाडू तयार होतो तो बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळून. तिसऱ्या गेममध्ये १३-१३ असताना सर्व्हिस करायचा हात थरथरतो. ते थरथरणं कसं थांबवायचं, हे १५-१, १५-२ असं हरणाऱ्याला कधीच शिकता येत नाही. हेल्व्हेशिया चषकाने लहान देशांना ही १३-१३ची वेळ मिळवून दिली. माझ्या लेखी त्या चषकाचं सगळं मोल एवढ्यात आहे.

१९७२मध्ये युरोपची सांघिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि हेल्व्हेशिया तिच्या खालची पायरी बनली. इथे जिंकून वर चढायचं. पहिला चषक नेणाऱ्या जर्मनांची पुढची वाटचाल तर पाहण्यासारखी आहे. एक्कावन्न वर्षांनी, २०१३मध्ये, जर्मनीने युरोपचं मिश्र सांघिक अजिंक्यपद मिळवलं, तेही अंतिम सामन्यात डेन्मार्कला हरवून. २००७चा शेवटचा चषक रेक्याविकमध्ये झाला आणि तो यजमान आइसलँडने जिंकला. आइसलँडची तेव्हाची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर. मी ठाकुर्लीत राहतो. आमच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या आसपास होती. म्हणजे आमच्या एका महापालिकेत चार आइसलँड मावतात.

एवढ्याशा देशाला हे जमतं यामागे हेल्व्हेशियाच्या मिश्र सांघिक पद्धतीचं गणित आहे. पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी असे पाच सामने. एका खेळाडूला जास्तीत जास्त दोन सामने खेळता येतात. एकेरीच्या दोन जागा आणि तीन दुहेरींच्या सहा, अशा एकूण आठ जागा भरायच्या. दोन पुरुष आणि दोन बायका प्रत्येकी दोन सामने खेळले की आठही भरतात. चार माणसांत देशाचा संघ उभा राहतो, आणि त्यात मुलींना बाजूला ठेवून भागतच नाही. आमच्या नव्वद फुटी रस्त्यालगतच्या सोसायट्यांत डिसेंबरच्या रात्री हेच चालतं. पार्किंगमधल्या गाड्या हलवायच्या, चुन्याने रेषा मारायच्या, जाळीचं एक टोक पाण्याच्या पाइपला आणि दुसरं गेटच्या खांबाला बांधायचं. पिसाचं शटल वाऱ्यावर भरकटतं आणि सिमेंटवर दोन गेममध्ये फाटतं, म्हणून नायलॉनचं आणायचं. मग ए विंग विरुद्ध सी विंग. सी विंगकडे चांगला खेळणारा एकच मुलगा असतो, पण दहावीतली एक मुलगी बॅकहँड असा मारते की मिश्र दुहेरी त्यांचीच ठरलेली. सामना २-२ वर येतो आणि वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडतात.

हीच पद्धत १९८९मध्ये सुदिरमान चषकाने जगभर नेली. जकार्तातल्या पहिल्या स्पर्धेत इंडोनेशियाने दक्षिण कोरियाला ३-२ असं हरवलं. मला अधिक मोलाची वाटते ती तिची गटरचना: ताकदीप्रमाणे देशांचे गट, तळाच्या गटातही चुरशीचे सामने आणि जिंकणाऱ्याला बढती. आपणही बरीच वर्षं खालच्याच गटांत खेळलो. २०११मध्ये चिंगदाओला भारत पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरीत पोचला. २०२२च्या मेमध्ये बँकॉकला इंडोनेशियाला ३-० असं नमवून आपण थॉमस चषक जिंकला. त्या सामन्यात दुहेरीचा गुण मिळवणाऱ्या जोडीतला चिराग शेट्टी मुंबईचा. त्या रात्रीच्या जल्लोषात खालच्या गटांतली ती वर्षं कुणाला आठवली नाहीत, पण चढण तिथूनच सुरू झाली होती.

२०२१च्या व्हान्टा इथल्या स्पर्धेपासून सुदिरमान चषक सोळा संघांपुरता उरला. खालचे गट गेले. हेल्व्हेशिया तर त्याआधीच बंद पडला होता. युरोपात लहान देशांना आता पात्रता फेऱ्या आहेत, पण तिथे बहुतेकांना बलाढ्य संघाशी गाठ पडून लवकर घरी जावं लागतं, आणि जिंकण्यासारखा चषकही समोर नसतो. प्रक्षेपणाच्या सोयीसाठी स्पर्धा आटोपशीर करणं मला समजतं. तरीही हा निर्णय चुकला असं माझं ठाम मत आहे.

आपल्या शेजारी नेपाळ, भूतान, मालदीव, श्रीलंका आहेत. मालदीवची फातिमत नबाहा टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळली. या देशांसाठी मिश्र सांघिक चषक पुण्याने भरवावा. बालेवाडीत २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, तेव्हा सोय आहेच. भारताने आपला मुख्य संघ त्यात उतरवू नये. महाराष्ट्राचा एकोणीस वर्षांखालचा संघ पाठवावा. ठाण्यात महापालिकेच्या सय्यद मोदी प्रशिक्षण योजनेत श्रीकांत वाड यांच्या हाताखाली मुलं घडली. तशा मुलामुलींना काठमांडू-कोलंबोच्या खेळाडूंशी बरोबरीने भिडता येईल. चार खेळाडू, पाच सामने, दर दोन वर्षांनी एकदा. पाहुण्यांचा राहण्याजेवणाचा आणि शटलचा खर्च यजमानांनी उचलावा, कारण लहान संघटनांचं घोडं अडतं ते तिथेच.