दारातले शब्द

बेळगावातल्या बऱ्या हॉटेलात शिरलं की दाराशी उभी असलेली मुलगी ‘गुड इव्हिनिंग मॅडम, वेलकम’ म्हणते. निघताना ‘थँक यू, व्हिजिट अगेन.’ मुलगी जवळच्या खेड्यातली, घरी मराठी नाहीतर कानडी बोलणारी. आमच्या बायका हसतात, ‘पोपटपंची हो नुसती!’ मला वाटतं, या पाठ केलेल्या शब्दांना इतकं हिणवू नये. त्यांच्यामागे बायकांच्या पोटापाण्याचा इतिहास आहे.

‘वेलकम’ हा शब्द जुन्या इंग्रजीत मुळात पाहुण्यालाच लावत. ज्याचं येणं मनाला आवडतं तो. ‘मॅडम’ फ्रेंचमधून आला, अर्थ ‘माझ्या बाईसाहेब’. घरातला आणि दरबारातला हा मान हळूहळू पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला मिळू लागला.

अमेरिकेत फ्रेड हार्वे यांनी १८७६ साली टोपीका इथल्या रेल्वे स्टेशनात खाणावळ सुरू केली. पुढे सांता फे रेल्वेच्या वाटेवर अशा कितीतरी झाल्या. १८८३ पासून तिथे पुरुष वाढप्यांच्या जागी तरुण मुली नेमू लागले. वय १८ ते ३०, वर्तणूक चांगली हवी. काळा पोशाख, पांढरा एप्रन, राहायला वसतिगृह, रात्री परतायची वेळ ठरलेली. पेय विचारणारी मुलगी कप ठेवण्याच्या पद्धतीतून खूण करी. मागून येणारी न विचारता चहा किंवा कॉफी ओतत असे. जाच होताच. पण हॉटेलात वाढणारी म्हणजे हलकी बाई, असं समजण्याच्या त्या काळात या शिस्तीनं आणि सभ्य बोलण्यानं त्या मुलींना स्वतःची कमाई आणि इभ्रत दोन्ही दिली.

आणि ठरलेले शब्द आपल्याला तरी कुठे नवे? चौका लावला की मुनिमहाराजांना पडगाहन करताना आपण ‘नमोस्तु’ म्हणतो, थांबायची विनंती करतो, आहार-जल शुद्ध असल्याचं सांगतो. दरवेळी तेच शब्द. भगवान ऋषभदेव आहारासाठी फिरत होते तेव्हा लोक हत्ती, घोडे, रत्नं पुढे करीत. आहार कसा द्यावा हेच कुणाला ठाऊक नव्हतं. हस्तिनापुरात राजा श्रेयांसानं उसाचा रस दिला, ती अक्षय तृतीया. म्हणजे आदरसुद्धा शिकावा लागतो.

फरक एवढाच की नवधाभक्तीत वचनशुद्धीबरोबर मनशुद्धीही सांगितली आहे. पगार देऊन मालक वचन मागू शकतो, मन नाही. आठ-दहा तास उभ्या असलेल्या पोरीकडून ते आपणही मागू नये. पण ती बोलते तेव्हा फोनमधून मान वर काढावी. ‘थँक यू’ला ‘येते गं बाळ, छान वाढलंस’ म्हणायला आपलं काय जातं?