जावाचें यंत्र आणि पहिला पाहुणा

नाशिकरोडजवळ एकलहरें येथील औष्णिक वीजकेंद्रांत २१० मेगावॅटचा एखादा संच पूर्ण थंड पडला, म्हणजे तो पुन्हां चालू करणें हें केवळ कळ दाबण्याचें काम राहात नाहीं. बाष्पकाचें जाड पोलाद एकदम तापविलें तर त्यास तडे जावयाचे; म्हणून आंच हळूहळू वाढवावी लागते आणि वीज बाहेर पडेपर्यंत कित्येक तास लोटतात. उलट कोयनेचें जनित्र पाण्यास वाट मिळाल्यावर कांहीं मिनिटांतच वीज देऊं लागतें. तेव्हां औष्णिक केंद्रानें अखंड चालावें आणि अचानक वाढणारी मागणी जलविद्युत् केंद्रानें भागवावी, अशी वांटणी सहजच पडते. संगणकाच्या जगांत जावा नांवाच्या भाषेवर जो प्रसंग गुदरला तो असा, कीं एकलहऱ्याच्या घाटणीच्या यंत्राकडून लोक कोयनेच्या चपळाईची अपेक्षा करूं लागले.

ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनींत जेम्स गॉसलिंग व त्यांचे सहकारी यांनीं घडविली आणि १९९५ सालीं जगापुढें ठेविली. तिचा प्रोग्राम प्रत्यक्ष संगणकाच्या भाषेंत उतरत नाहीं. तो ‘बाइटकोड’ नांवाच्या मधल्या भाषेंत राहातो आणि ज्या त्या संगणकावर बसविलेलें आभासी यंत्र दुभाष्याप्रमाणें त्याचा अर्थ लावतें. एकच प्रोग्राम कोठेंही चालावा, हा यांतील मोठा लाभ. परंतु दुभाष्याच्या तोंडून चाललेलें संभाषण संथ असावयाचेंच. १९९९ सालीं ‘हॉटस्पॉट’ हें नवें आभासी यंत्र आलें. प्रोग्रामचा कोणता भाग वारंवार चालतो यावर तें नजर ठेवतें आणि तेवढ्याच भागाचें यंत्रभाषेंत पक्कें भाषांतर करतें. त्यामुळें जावाचा प्रोग्राम प्रारंभीं रेंगाळतो आणि चालतां चालतां वेग घेतो. सर्व्हर कचेरीच्या एका खोलींत महिनोन्‌महिने चालू असे, त्या काळीं प्रारंभींच्या अर्ध्या मिनिटाची तक्रार कोण करणार? २००४ सालीं पहिली पूर्ण आवृत्ति निघालेल्या ‘स्प्रिंग’ या चौकटीनें तर प्रोग्राममधील असंख्य घटक शोधून, घडवून, एकमेकांस जोडण्याचें काम प्रारंभाच्याच क्षणावर टाकलें. प्रोग्राम लिहिणाराचे कष्ट वांचले, हें खरें. ओझें मात्र वाढलें.

पुढें क्लाउडचा जमाना आला. २००८ सालीं गूगलनें ‘ॲप इंजिन’ उघडलें व २००९ मध्यें तेथें जावास प्रवेश दिला. येथें स्वतःचा संगणक घ्यावयाचा नाहीं. मागणी आली म्हणजे प्रोग्राम उठवावयाचा, मागणी थांबली म्हणजे निजवावयाचा. सतत वर्दळ असलेल्या वेबसाइटला यांत फारसा त्रास नव्हता, कारण तिला झोप ठाऊकच नसे. परंतु नाशिकच्या एखाद्या वाचनालयाची किंवा द्राक्षबागाइतदाराची वेबसाइट घ्या. तेथें तासाला दोन माणसें यावयाचीं, आणि त्यांतील पहिल्यानें यंत्र जागें होण्याचा सारा वेळ सोसावयाचा. प्रारंभींच्या नियमानुसार ३० सेकंदांत उत्तर न आल्यास मागणीच रद्द होई. यावर मालकांनीं तोड काढली ती गमतीची होती: दर थोड्या मिनिटांनीं एक खोटाच पाहुणा पाठवून यंत्रास डुलकी लागूं द्यावयाची नाहीं! २०१० च्या अखेरीस गूगलनेंच दरमहा ९ डॉलर घेऊन प्रोग्रामच्या तीन प्रती सदैव जाग्या ठेवण्याची सोय काढली. म्हणजे जेथें झोपेंत पैसे वांचावयाचे, तेथेंच जागरणाचे पैसे मोजावयाचे. लहान मालकावर हा अन्यायच होता.

जागें होतांना हें यंत्र करतें तरी काय? ‘पेटक्लिनिक’ हा स्प्रिंगचा एक नमुन्याचा प्रोग्राम आहे. तेवढ्याशा प्रोग्रामासाठीं सुमारें २१,००० ‘क्लास’ शोधावे, वाचावे, तपासावे व जोडावे लागतात. आणि प्रत्येक वेळीं उत्तर तेंच येतें. मग तें एकदांच करून जपून कां ठेवूं नये? ही कल्पना कांहीं नवी नव्हे. डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक्’ या मुद्रणप्रणालींत नियमांचा संच आधींच पचवून ठेवण्याची योजना होती, आणि ‘ईमॅक्स’ हा संपादक आपल्या स्मृतीची तयार प्रतच उघडीत असे. जावानें २००४ सालीं केवळ आपल्या मूळ क्लासांपुरता हा मार्ग स्वीकारला. लोकांच्या प्रोग्रामांतील क्लासांसाठीं तो मुक्त जावांत २०१८ सालीं खुला झाला.

दरम्यान कांहींनीं दुभाष्यालाच रजा दिली. ‘ग्रालव्हीएम’ची रीत अशी, कीं सारें भाषांतर आधींच उरकावयाचें. प्रोग्राम सेकंदाच्या अल्पांशांत उठतो व स्मृतीही कमी लागते. परंतु जे क्लास चालतां चालतां नांवानें शोधले जातात त्यांची यादी आगाऊ द्यावी लागते, आणि अनुभवानें वेग वाढविण्याचा गुणही बव्हंशीं जातो.

२०२२ मध्यें ॲमेझॉननें आपल्या ‘लॅम्डा’ या सेवेंत वेगळीच युक्ति योजिली: यंत्र एकदां जागें करून त्याची स्मृति गोठवावयाची व मागणीसरशी ती वितळवावयाची. हिच्यांत एक धोका दडलेला आहे. गुप्त संकेत घडविण्यासाठीं जी यादृच्छिक संख्या लागते तिचें बीज गोठविण्यापूर्वींच पडलें असेल, तर सर्व प्रतींत तेंच उगवेल. पेढीच्या व्यवहारांत हें परवडणारें नाहीं. म्हणून वितळल्यानंतर बीज नवें घ्यावें लागतें.

जुन्या प्रोग्रामांस सर्वांत सोयीचा मार्ग मार्च २०२५ मध्यें जावाच्या २४ व्या आवृत्तींत आला. एकदां तालीम म्हणून प्रोग्राम चालवावयाचा; त्या वेळीं वाचलेले व जोडलेले क्लास साठविले जातात. पेटक्लिनिकला पूर्वीं ४.४८६ सेकंद लागत, ते २.६०४ वर आले, आणि प्रोग्रामची एक ओळही बदलावी लागली नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबरमध्यें आलेल्या २५ व्या आवृत्तींत कोणता भाग वारंवार चालतो हा तालमींतील अनुभवही सांठ्यांत जाऊं लागला. मात्र हा सांठा जावाच्या त्याच आवृत्तीस व त्याच घडणीच्या संगणकास उपयोगी पडतो. तो हरवला अगर वाचतां आला नाहीं, तर यंत्र एक इशारा नोंदवितें आणि पूर्वींच्याच संथ गतीनें उठतें.