महाविद्यालयीन प्रवेश व सकारात्मक कृती (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

वंशभेदामुळे दीर्घकाल उच्च शिक्षणापासून वंचित राहिलेल्या समाजगटांना, विशेषतः कृष्णवर्णीयांना, महाविद्यालये व विद्यापीठे यांत प्रवेश मिळावा म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६० नंतरच्या दशकात सुरू झालेले धोरण. प्रवेश देताना अर्जदाराचा वंश विचारात घेणे, हे त्याचे प्रमुख लक्षण होय. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जून २०२३ च्या निर्णयाने हे धोरण बव्हंशी संपुष्टात आले.

पार्श्वभूमी : तेराव्या घटनादुरुस्तीने (१८६५) गुलामगिरी नष्ट झाली व चौदाव्या घटनादुरुस्तीने (१८६८) सर्व व्यक्तींना कायद्याचे समान संरक्षण मिळाले. तथापि प्लेसी खटल्यात (१८९६) ‘विभक्त परंतु समान’ हे तत्त्व मान्य झाल्याने दक्षिणेकडील राज्यांची प्रमुख विद्यापीठे कृष्णवर्णीयांना बंदच राहिली. ब्राउन खटल्याने (१९५४) सार्वजनिक शिक्षणातील विभक्तीकरण घटनाबाह्य ठरविले. तरीही १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ यांना मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून देण्यासाठी केंद्रीय सैन्य पाठवावे लागले. केवळ मनाई उठविल्याने समता येत नाही, ही जाणीव यातून बळावली. अध्यक्ष केनेडी यांच्या १९६१ च्या आदेशात सरकारी कंत्राटदारांच्या नोकरभरतीसंदर्भात योजिलेली ‘सकारात्मक कृती’ ही संज्ञा पुढे शिक्षणक्षेत्रातही रूढ झाली. नागरी हक्क अधिनियमाने (१९६४) केंद्रीय अर्थसाहाय्य घेणाऱ्या संस्थांत वंशभेदास बंदी केली. याच बंदीचा आधार पुढे या धोरणाच्या विरोधकांनीही घेतला.

न्यायालयीन निर्णय : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय विद्यालयाने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी राखून ठेवल्या होत्या. प्रवेश नाकारलेले श्वेतवर्णीय अर्जदार ॲलन बाके यांच्या खटल्यात (१९७८) न्यायमूर्तींत चार विरुद्ध चार अशी फूट पडली व न्यायमूर्ती पॉवेल यांचे मत निर्णायक ठरले. राखीव जागा त्यांनी अवैध ठरविल्या. मात्र अनेक घटकांपैकी एक म्हणून वंशाचा विचार करण्यास मुभा दिली. समाजात पूर्वी झालेल्या अन्यायाची भरपाई हे कारण त्यांनी नाकारले व विद्यार्थिवर्गातील विविधतेमुळे होणारा शैक्षणिक लाभ तेवढा ग्राह्य मानला. यामुळे धोरणाचा आधारच बदलला. वंचितांचा हक्क हा प्रश्न मागे पडून विद्यापीठाची सोय पुढे आली.

मिशिगन विद्यापीठाविरुद्धच्या दोन खटल्यांत (२००३) हीच भूमिका कायम राहिली. अल्पसंख्याक अर्जदारास १५० पैकी २० गुण आपोआप देणारी पद्धत रद्द झाली. विधिविद्यालयाची प्रत्येक अर्जाचा समग्र विचार करणारी पद्धत मात्र वैध ठरली. अशा प्राधान्याची गरज २५ वर्षांनंतर उरणार नाही, अशी अपेक्षा न्यायमूर्ती ओकॉनर यांनी व्यक्त केली होती. दरम्यान कॅलिफोर्निया (१९९६) व मिशिगन (२००६) या राज्यांत सार्वमताने सार्वजनिक विद्यापीठांतील असे प्राधान्य बंद झाले.

हार्व्हर्ड व नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांविरुद्धच्या २०२३ च्या खटल्यांत आशियाई वंशाच्या अर्जदारांवर अन्याय होत असल्याचा मुद्दा पुढे आला. विविधतेची उद्दिष्टे मोजता येत नाहीत व या धोरणास अंतिम मर्यादाही नाही, असे म्हणून सरन्यायाधीश रॉबर्ट्‌स यांच्यासह बहुमताने दोन्ही पद्धती अवैध ठरविल्या. इतिहासाने लादलेली विषमता वंशाकडे दुर्लक्ष करून दूर होणार नाही, असे न्यायमूर्ती सोटोमायर व जॅक्सन यांनी भिन्नमतपत्रिकांत प्रतिपादिले.

परिणाम व मूल्यमापन : २०२४ च्या प्रवेशांत मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण सु. १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. येल विद्यापीठात मात्र ते सु. १४ टक्केच राहिले. वंशाचा आपल्या जीवनावर झालेला परिणाम अर्जदारास निबंधातून मांडता येतो. माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना अनेक खाजगी विद्यापीठे जे प्राधान्य देत आली, त्यास या निर्णयाने बाधा आली नाही.

भारतीय संविधानात पहिल्या घटनादुरुस्तीने (१९५१) समाविष्ट झालेल्या अनुच्छेद १५(४) सारखी, मागासलेल्या वर्गांसाठीच्या विशेष तरतुदींस स्पष्ट आधार देणारी तरतूद अमेरिकेच्या संविधानात नाही. त्यामुळे तेथील वाद मुख्यतः ‘समान संरक्षण’ या शब्दांच्या अर्थाभोवती फिरत राहिला : वंशाची दखलच न घेणे म्हणजे समता, की वंशामुळे आलेले दौर्बल्य दूर करणे म्हणजे समता. न्यायालयाने २०२३ मध्ये पहिला अर्थ स्वीकारला.